दुपारचा सिग्नल

३ मे

 आजच लिहून ठेवते, कारण उद्यापासून लेनमधला प्रत्येक जण ही गोष्ट वेगळीच सांगेल.

दुपारी समोरच्या खुशालराव काकांच्या गाडीत त्यांचा दोन वर्षांचा नातू अडकला. काकांनी त्याला सीटवर बसवलं, किल्ली गाडीत लावली आणि ओट्यावरची पिशवी आणायला वळले. गरम वाऱ्याच्या झोतानं दार लागलं, आणि थोड्या वेळानं लॉकही आपोआप लागलं. दुसरी किल्ली मुलाकडे पुण्याला. काकू घरातून जादा रिमोट घेऊन धावत आल्या. काका बटण दाबतायत, दाबतायत, गाडी ढिम्म. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन, काचा बंद, आत लेकरू रडून लालबुंद. लेनमधले सगळे कूलर लावून झोपलेले. मी बाहेर आले तोवर काकांनी वरवंट्यानं मागची काच फोडली होती. पोराच्या अंगावर ओला पंचा टाकला, साखरमिठाचं पाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. अजून उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ते थांबले.

ते लॉक अब्बांच्या दुकानातलं. माझे सासरे गयासुद्दीन गाड्यांना रिमोटची लॉकं बसवतात. आमच्या लेनमधल्या बहुतेक गाड्यांना त्यांचाच हात लागलेला आहे.

संध्याकाळी काका दुकानात आले. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"गयासभाई, तुमचा माल म्हणून डोये मिटून घेतला होता म्या. आज माहं लेकरू गेलं असतं."

अब्बा उभेच राहिले. रात्री जेवले नाहीत.

४ मे

कहर आहे. अब्बांनी काकांची गाडी दुकानात आणून सकाळभर तपासली. रिमोट एका दाबात चालतो, लांबून चालतो, भिंतीआडून चालतो. दुपारी गाडी परत लेनमध्ये नेली आणि रिमोट मेला. 

मग कळलं, दुपारी आणखी तीन गाड्या उघडत नव्हत्या. त्यातली एक तर थेट शोरूमची, तिला अब्बांनी कधी हात लावलेला नाही. हे मी मोठ्यानं सांगितलं, पण ऐकायच्या मूडमध्ये कोणी नव्हतं. "लॉकवाल्यानंच काही करून ठेवलं असन, म्हणजे दुरुस्तीले त्याच्याकडेच जा लागते," असं कोणीतरी मागून म्हणालं. कोण ते दिसलं नाही. बरं झालं दिसलं नाही.

अब्बा म्हणाले, "बेटा, कहीं मैंने ही तार गलत जोड़ दी क्या?"

मी नाही म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

६ मे

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हे माझ्या डोक्यात यायला दोन दिवस लागले. रिमोट म्हणजे छोटासा रेडिओ. बटण दाबलं की एका ठरावीक लहरीवर गाडीला निरोप जातो. त्याच लहरीवर जवळूनच दुसरं कोणी सतत बोलत असेल, तर गाडीला निरोप ऐकूच येत नाही. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून आपण हाक मारावी, तसं.

म्हणजे लेनमध्ये कुठेतरी काहीतरी सतत बोलतंय. ते काय आणि कुठे, एवढंच शोधायचं.

आज लॅबमध्ये दिशा दाखवणारा अँटेना बनवला. प्लास्टिकचा पाइप, आणि सुताराची स्टीलची टेप कापून तिचे तुकडे त्यावर आडवे. दिसतो माशाच्या काट्यासारखा. त्याचं तोंड जिकडे कराल तिकडचं जास्त ऐकू येतं. लॅपटॉपला छोटा रिसीव्हर जोडला की पडद्यावर सिग्नलची काडी उंच होताना दिसते. एका जागेवरून नकाशावर एक रेघ ओढायची, दुसऱ्या जागेवरून दुसरी. जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे चोर. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी शिकवते.

संध्याकाळी अँटेना घेऊन लेनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. काहीच नाही, पडदा शांत. सगळ्यांच्या गाड्या टक् टक् उघडत होत्या. खुशालराव काका ओट्यावरून म्हणाले, "नगमा बेटी, हे काय धरून फिरून राहिली? मच्छरं मारतं का?" बाकीचे हसले. मीही हसले. काय करणार?

८ मे

सिग्नल सापडला, आणि आता आधीपेक्षा कमी समजतंय.

परीक्षेचं काम आटोपून दुपारीच घरी आले. पडद्यावर काडी एकदम उभी. गच्चीवरून फिरवलं तर तोंड पाण्याच्या टाकीकडे. लेनच्या तोंडाशी गेले तर कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या टिनांकडे. मागच्या गल्लीत गेले तर चक्क आमच्याच घराकडे! तीन रेघा ओढल्या, तीन दिशांना गेल्या, कुठेच भेटल्या नाहीत. मधेच सिग्नल बंद. मग परत चालू. मग दोनदा तोडून तोडून. यंत्र असं वागत नाही. बिघडलेलं यंत्र वागतं म्हणा.

डोकं भणभणायला लागलं तेव्हा आचलकडे जाऊन बसले. आचल आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते, खाली समोरच्या खोलीत ब्लाऊज, पंजाबी ड्रेस शिवते. माझा एक कुर्ता तिच्याकडे आहे. तिचा नवरा कुंदन लाइनमन होता. दोन वर्षांपूर्वी खांबावरून पडला, मानेला मार लागला. वरच्या खोलीत पडून असतो. उजवा हात तेवढा चालतो. आवाज इतका बारीक झालाय की तोंडाशी कान न्यावा लागतो.

तिनं मठ्ठा दिला. या दिवसांत लेनमधून मला बसायला म्हणणारी ती एकटीच. मी विचारलं, "कुंदनभाऊ कसे आहेत?"

"झोपले," ती म्हणाली. "दुपारचे झोपतेत."

मग मशीनवरून नजर न काढता तिनं विचारलं, "ताई, थे सापडलं, मंग काय करान?"

"बंद करीन."

"असं," ती म्हणाली. चेहरा फार ओढलेला दिसतो तिचा. लग्नसराईचं काम असावं.

९ मे

माझा व्हिडिओ निघाला. कोणीतरी खिडकीतून काढलाय. मी अँटेना काकांच्या गाडीकडे रोखून उभी आहे आणि खाली लिहिलंय, "लॉकवाल्याची सून. सावध राहा." लेनच्या ग्रुपवरून तो कुठे कुठे गेलाय देव जाणे. कॉलेजातल्या शिपायानंसुद्धा दाखवला, बिचाऱ्यानं काळजीनंच.

माझा नवरा गुलफाम शनिवारचा मेळघाटातल्या धारणीहून आला. तिथल्या शाळेत शिकवतो तो. जीपमध्ये हादरे खाऊन आलेला माणूस, चपला काढायच्या आत म्हणाला, "छोड़ दे ना ये सब. लोक काय बोलून राहिले ते तुले समजतं का?"

"समजतं. म्हणूनच सोडत नाही."

"आणि नाही सापडलं तर?"

 मी चहा टाकायला गेले.

१२ मे

कॉलेजच्या कामाला अमरावतीला गेले होते, तेवढ्यात देवीदास सरांना भेटून आले. मला रेडिओ त्यांनी शिकवला. आता निवृत्त आहेत, गच्चीवर अँटेनांचं जंगल आहे त्यांच्या. माझ्या तीन रेघांचा नकाशा बराच वेळ उलटासुलटा धरून बघितला.

"लेन अरुंद आहे? टिनं आहेत? लोखंडी टाकी आहे? मग सिग्नल आदळून आदळून येतो आहे. तू प्रतिध्वनीकडे बोट दाखवते आहेस." मग म्हणाले, "किंवा तसं नसेलही. मी तिथे नाही ना."

आणखी एक सांगितलं. फार जवळ गेलं की असा अँटेना आंधळा होतो, चारी बाजूंनी सारखंच भरून येतं. तेव्हा अँटेना काढून ठेवायचा आणि रिसीव्हर स्टीलच्या डब्यात घालून झाकण किलकिलं ठेवायचं. डब्यातही ऐकू आलं तर समजायचं, आपण उंबऱ्याशी आहोत.

परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत वाटत होतं सगळं कळलं. मूर्तिजापूर येईस्तोवर परत काहीच कळत नव्हतं. प्रतिध्वनी असेल तर खरा आवाज कुठला, हे कोणी ठरवायचं?

१४ मे

दुपारी भाकरीच्या डब्यात रिसीव्हर घालून, त्याची तार मोबाइलला जोडून लेनमधून चालत गेले. अब्बा दुकानातून बघत होते. सकाळी एक गिऱ्हाईक आलं आणि लॉक काढून द्या म्हणालं. अब्बांनी निमूट काढून दिलं.

डबा बराच वेळ मुका होता. आचलच्या दाराशी काडी उभी राहिली.

आत गेले. ती मशीन थांबवून हातानं काज करत होती. मी म्हटलं, "आचल, तुझ्या मशीनच्या मोटरचा प्लग काढ जरा." तिनं काढला. काडी तशीच. पंखा बंद केला. तशीच. मीटरवरचा मेन स्विच पाडला, घर अंधारलं, आणि काडी तशीच उभी! विजेशिवाय काय बोलतंय? तिच्या दारापुढेही टिनाचं छप्पर आहे, तिथून परतून येत असेल, असं मी म्हणाले. आचल खुर्ची सरकवून उठली. मेन स्विच लावला, तर म्हणाली, "मी येते वरून पाहून," आणि जिना चढून गेली. त्याच क्षणी सिग्नल गेला.

बिचारी घाबरली असावी. मशीन काढून नेतील असं वाटलं असेल. पोटच त्या मशीनवर आहे.

१५ मे

आज बसून मागचं सगळं आठवलं. एक गोष्ट बसत नाही. आचल खाली असते तेव्हा सिग्नल असतो किंवा नसतो. पण ती वर गेली की नसतोच. ८ तारखेला मी मठ्ठा पीत होते तेव्हाही तसंच झालं होतं. ती ग्लास ठेवून वर जाऊन आली, आणि त्यानंतर बराच वेळ गाड्या उघडत होत्या.

म्हणजे आचल? ती काही जवळ बाळगते? कशाला? तिच्याकडे गाडीसुद्धा नाही.

जी बाई मला बोलावून मठ्ठा देते तिच्यावर मी संशय घेते आहे. माझ्यावर लोकांनी घेतला तो असाच असणार, काहीतरी जुळल्यासारखं दिसतं म्हणून. वर कुंदनकडे काही असावं असंही एकदा मनात आलं, पण त्याच्या खोलीत पलंग, खिडकी आणि पंखा याशिवाय आहे काय?

१७ मे

उशीर झाला आहे, पण आज न लिहिता झोप येणार नाही.

दुपारी कुर्ता न्यायच्या निमित्तानं आचलकडे गेले. डबा पिशवीत होता, चालू होता, तार हातातल्या मोबाइलला. आचल कुर्त्याच्या गुंड्या लावत होती. दोऱ्याची रिळं ठेवायचा तिचा खण अर्धा उघडा होता, कात्री घ्यायला मी तो ओढला, आणि रिळांमध्ये पांढरी प्लास्टिकची वस्तू दिसली. मागे प्लगच्या पिना, पुढे जाळी.

"आचल, हे काय आहे?"

"घंटी हाय."

"कोणाची?"

ती सुईत दोरा ओवत राहिली. ओवला जात नव्हता.

अशा घंट्या मी पाहिल्या आहेत. एक तुकडा भिंतीतल्या प्लगमध्ये लावायचा, आणि दुसरा, बटणाचा, ज्याला गरज आहे त्याच्या हातात द्यायचा. बटण छोट्याशा सेलवर चालतं. घरातली वीज गेली तरी चालतं. मी वर छताकडे पाहिलं. हातातल्या मोबाइलवर काडी उभी होती.

जिना मी चढले की पळाले, आठवत नाही. कुंदन खिडकीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात पोटावर, अंगठ्याखाली बटण, बटणावरचा लाल ठिपका पेटलेला. मला बघून त्यानं अंगठा उचलला. ठिपका विझला.

मी तिथेच खाली फरशीवर बसले. आचल मागून येऊन दारात उभी राहिली.

"किती वेळा वर यावं मी, तुमीच सांगा," ती मला म्हणत होती, पण बघत त्याच्याकडे होती. "वर आलं का हे म्हणतेत, काही नाई. पाणी देऊ? नाई. कूस बदलू? नाई. मंग कावून बलावलं? असंच. खाली गिऱ्हाईक बसलेलं, ब्लाऊज अर्धा. महिन्याच्या सुरुवातीले एक दिवस काढून ठेवली घंटी. मी दुपारभर शांत शिवत बसली. मले लय बरं वाटलं ताई. बरं वाटलं, हेच सांगाची लाज वाटते."

"पण बटणात सेल तर नवा दिसतो."

"यायनंच म्हटलं, सेल संपला असन, घंटी वाजून नाई राहिली. मंग म्या नवीन आणून टाकला."

"आणि घंटी?"

"थे नाई लावली."

  कुंदन काहीतरी बोलला, मी कान जवळ नेला.

"वाजत नाई, हे ठाऊक होतं मले."

"मग दाबत का होता?"

"संध्याकाळी तं ती वरच असते. दुपारी खालून मशीनचा आवाज येते तवर काही नाई. मशीन थांबली का वाटते, गेली."

"कुठे?"

"कुठीबी. कोणीबी गेलं असतं आतापावतर." तो दम घ्यायला थांबला. "मंग दाबत राहतो. लागून दाबतो. कधी ना कधी येते ना ती वर."

आचलनं पदर तोंडाशी धरला होता. हे तिला पहिल्यांदाच कळत होतं असं मला वाटलं. किंवा माहीत असून पहिल्यांदा ऐकत होती.

मी उठायला लागले तर कुंदननं बोटानं खिडकी दाखवली. खिडकीतून खुशालराव काकांचं अंगण स्वच्छ दिसतं. त्यांच्या गाडीला नवी काच बसली आहे, तिच्यावरचा स्टिकरसुद्धा दिसत होता.

"त्या रोजी तं मी कामासाठी दाबत होतो, ताई. लेकरू आतमंधी रडून राहिलं होतं. काका रिमोट दाबून राहिले होते, गल्लीत कोणीच नाई. म्हटलं हिले बलावतो, ही पळत जाईन, कोणाले तरी उठवन. जेवढा जोर होता तेवढ्यानं दाबलं. काच फुटेपावतर सोडलं नाई." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी हे शोधून राहिल्या होत्या का? या बटणानं गाडी उघडत नव्हती?"

वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी मी तिथे उभी होते. उत्तर मला येत होतं. त्यानं बटण सोडलं असतं तर रिमोट चालला असता. मुलासाठी जीव काढून मदत मागणाऱ्या त्या अंगठ्यानंच गाडी बंद ठेवली होती.

"लॉक आपोआप लागलं होतं," मी म्हणाले. "ते तुमच्यामुळे नाही लागलं."

हे खरं आहे. पण त्यानं हे विचारलंच नव्हतं.

१८ मे

अब्बांना सगळं सांगितलं. वाटलं, सुटलो म्हणतील. दुकान वाचलं, आता ग्रुपवर लिही म्हणतील. ते बराच वेळ पाना पुसत बसले.

"नाम मत लेना किसी का," शेवटी म्हणाले. "मियां-बीवी की बात है. चौक में नहीं जाती."

"आणि तुमचं नाव, अब्बा?"

"मेरा देखेंगे."

मला राग आला. कोणाचा ते ठरत नाही. आचलचा येत नाही, कुंदनचा येत नाही. हवेतून येणाऱ्या गोष्टीवर रागवायचं तरी कसं?

ग्रुपवर एवढंच लिहिलं की एका घरातलं वायरलेस बटण दाबलेलं राहत होतं, आता त्रास होणार नाही. लगेच प्रश्न, कोणतं घर? मी लिहिलं नाही. मग एक हसण्याचं चित्र आलं. त्याच्यामागे आणखी दोन.

१९ मे

आज अब्बा आणि मी आचलकडे तारेची घंटी बसवायला गेलो. तार असली की हवेत काही जात नाही. लेनला वाटलं असणार, लॉकवाला आता घराघरात शिरतो आहे.

गंमत म्हणजे तार कुठून न्यायची हे सगळं कुंदननं सांगितलं. "तिथून नोको, तिथी ओल येते. चौकटीच्या वरतून घ्या." अब्बा शिडीवरून वाकून कान देत होते आणि "हां साब, और?" म्हणत होते. कुंदनच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग पाहिला. बटण हातात दिल्यावर तो म्हणाला, "एक बटण खालीबी द्या ना. अन् एक घंटी इथी, माह्याजवळ."

"कशाला?" अब्बांनी विचारलं.

"तिनं वर याव नाई दरवेळी. खालूनच वाजवाव. हाय म्हणून."

आचल शिडी धरून उभी होती. तिनं शिडी सोडली आणि मागच्या अंगणात निघून गेली. मी जावं की नाही ते कळेना. गेले नाही. शिडी धरली.

२१ मे

दुपारी गाड्या उघडतायत. तीन दिवस झाले, कोणाचीच तक्रार नाही. पण दुकानात गिऱ्हाईकही नाही. खुशालराव काका समोरून जाताना मान फिरवतात. आज मला थांबवून म्हणाले, "घर कोणाचं ते सांगत नाई, म्हणजे तुमचंच असन. असं लोक म्हणतेत. मी नाई म्हणत."

"लोकांना काय सांगता मग?"

"मी गुमान राहतो."

मी घरी येऊन रडले. कशासाठी रडतेय तेही नीट सांगता येईना. सांगितलं तर आचल गेली, नाही सांगितलं तर अब्बा. गुलफामला फोन केला. तो म्हणाला, धारणीला ये चार दिवस, जंगलात रिमोट नसतात. हसू आलं, पण उत्तर मिळालं नाही.

२३ मे

संध्याकाळी दुकानात काका आणि आणखी दोघं होते. काका लॉक काढून घ्यायला आले होते. अब्बा पाना घेऊन गाडीच्या दाराशी वाकणार तेवढ्यात आचल आली. डोक्यावर पदर, हातात ती पांढरी घंटी.

"काका, थांबा. हे माह्या घरचं होतं."

मी पुढे झाले, तिनं हातानं मागे सारलं.

"घंटीचं बटण माह्या मालकाच्या हाताशी देलं होतं, अन् म्या खालची घंटी काढून ठेवली. यायनं बलावलं तरी मले ऐकू येऊ नये म्हणून. यायनं बटण दाबून धरलं का तुमची गाडी उघडत नव्हती. गयासचाचाचा काही दोष नाई. नगमाताईनं माहं नाव झाकलं. आता ज्याले जे म्हणाचं थे म्हणा."

 काकांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर तो हक्क त्यांचा होता. त्यांनी विचारलं, "त्या रोजीबी तोच दाबत होता?"

आचल माझ्याकडे बघायला लागली. कुंदनला जे मी सांगितलं नाही ते आता सांगावं लागलं. "हो, काका. खिडकीतून त्यांना मुलगा दिसत होता. मदतीला कोणाला तरी पाठवावं म्हणून आचलला बोलावत होते. त्यांना माहीत नव्हतं की त्या बटणानंच रिमोट अडतो आहे. अजूनही नीट माहीत नाही."

काका दुकानाच्या पायरीवर बसले. पागोट्याचं टोक हातात घेऊन पिळत राहिले.

"सारे दरवाजे लागलेले होते," ते म्हणाले. "मी बोंबलून राहिलो होतो. म्हटलं, या गल्लीत कोणाले माहं लेकरू दिसून नाई राहिलं. अन् थो पाहून राहिला होता."

मग उठून आचलला म्हणाले, "चाल. मले वर ने."

त्यांच्या मागे मी गेले नाही. अब्बांनी पाना जागेवर ठेवला. काकांची गाडी अजून दुकानापुढेच आहे, लॉकसकट.

२६ मे

कुर्ता आणायचा राहिला होता, तो आज आणायला गेले. वर कुंदनजवळ काका नातवाला घेऊन बसले होते, पोराचे पाय पलंगावर आपटण्याचा आवाज येत होता. काकांनी कुंदनला काय सांगितलं आणि काय गाळलं, मी विचारलं नाही. कुंदनला सगळं माहीत आहे की नाही, हे त्याच्याकडे बघून ओळखता येत नाही.

आचलला मी म्हटलं, "आता बरं चाललंय ना?"

"काय मालूम," ती म्हणाली. "कधी कधी अजूनबी वाटते, तोडून टाकाव तार." आणि गुंडी लावत राहिली.

थोड्या वेळानं घंटी वाजली. तिनं नजर न उचलता टेबलाखालचं बटण दाबलं, वर टण् झालं. बस, एवढंच. ती उठली नाही, वरूनही परत काही नाही.

काका मुलाला घेऊन खाली उतरले, निरोप घेऊन गेले. घर शांत झालं. आचलनं मशीन थांबवली, दोरा तोडला, आणि बसून राहिली. वरून घंटी येईल म्हणून मी कान दिला होता. आली नाही. मशीन बंद, घंटी नाही. तिनं एकदा जिन्याकडे पाहिलं. मग आपणच बटण दाबलं.

आम्ही दोघी थांबून राहिलो. सुई तिच्या बोटांत तशीच होती.

वरून उत्तर आलं तेव्हा तिनं डोळे मिटले, आणि मशीनचं पायडल परत दाबलं.